मोत्याला काय कमी आहे?

सोलापुरात पाळलेलं कुत्रं घेऊन रस्त्यानं निघालात, तर त्याचं नाव कुणी विचारत नाही, जात विचारत नाही, चावतं का हेसुद्धा नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "काय घालता ओ ह्याला?" घालणं म्हणजे खायला घालणं. उत्तर काहीही द्या, गड्याचं समाधान होत नाही. भाकरी म्हणालात तर "नुसत्या भाकरीवर काय होतंय?" पाकिटातलं म्हणालात तर "त्यात काय असतंय, भुस्सा!" आणि मटण म्हणालात तर आवाज खाली आणून, "तुमच्यात चालतंय?" तिन्ही उत्तरांवर निकाल मात्र एकच: "कायतरी कमी पडलालंय बघा त्याला."

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावात जन्मले आणि १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले. गावाला त्यांचा अभिमान आहे, तो असायलाच हवा. पण त्यामुळं इथं जन्मलेल्या प्रत्येकाला वाटतं की वैद्यकी आपल्याही रक्तात आहे, फक्त चीनहून बोलावणं यायचं राहिलंय. तोवर सरावाला शेजाऱ्याचं कुत्रं चालतं.

आमचा मोत्या लॅब्राडोर, वय नऊ. गेल्या उन्हाळ्यापासून बसला की उठायला वेळ लावायला लागला. शहाबादी फरशीवर पुढचे दोन पाय रोवायचे, मागचे घसरू द्यायचे, एक मोठा सुस्कारा, मग पुन्हा प्रयत्न. आम्ही आधी लक्ष दिलं नाही, कारण मार्च ते जून सोलापुरात बसलेला कुठलाच प्राणी लवकर उठत नाही. कुठल्याही कचेरीत दुपारी तीनला जाऊन बघावं. पण पाऊस पडून गेला, हवा सुधारली, तरी सुस्कारा तोच राहिला. तेव्हा घरात बैठक बसली. विषय एकच: मोत्याला वरून काही सुरू करायचं का?

वरून म्हणजे टॉनिक, गोळी, पावडर, सिरप, तेल. ते जेवणात मोजलं जात नाही आणि औषधातही मोजलं जात नाही, म्हणून सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही.

बैठकीत प्रत्येकानं निदान केलं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की जो तो आपापला रिपोर्ट मोत्याच्या नावावर वाचतोय. आत्याचे गुडघे दुखतात. तिच्या मते मोत्याला सांध्यांची गोळी हवी. बायकोचं ड जीवनसत्त्व कमी निघालंय, आठवड्याची पुडी चालू आहे, तिच्या मते मोत्याचंही तेच असणार, "दोघं एकाच घरात राहतो." भाचा व्यायामशाळेत जातो, आरशासमोरून जाताना चाल बदलतो, त्याच्या मते प्रोटीन. शेजारचे अण्णा शहराच्या पूर्व भागातले, सारा जन्म टॉवेलच्या मागांवर काढून आता निवृत्त. त्यांनी कुंपणावरून मान घालून सांगितलं, की मुळात केस बघा, केस गळतात म्हणजे बायोटिन कमी. हे सांगताना त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथं बायोटिनला आता काही काम उरलेलं नाही.

या सगळ्यांत बायकोचा मुद्दा मला सगळ्यात पटलेला होता आणि तोच सगळ्यात चुकीचा निघाला. माणसाला ऊन मिळालं की कातडीखाली ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीला ती कला जवळपास नाहीच. त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. म्हणजे सोलापूरचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन, जे आम्ही फुकटात आणि नको इतकं खातो, ते मोत्याच्या दृष्टीनं शुद्ध वाया. क जीवनसत्त्वाचं नेमकं उलटं. माणसाला ते बाहेरून घ्यावं लागतं, कुत्रं आपल्या यकृतात स्वतःच बनवतं. आत्या त्याला हिवाळाभर बोटभर च्यवनप्राश चाटवत होती, तो ज्याचा कारखाना आहे त्यालाच माल विकण्यातला प्रकार. मोत्या मात्र रोज सकाळी डबीच्या आवाजाला हजर. त्याला वाटायचं साखर आहे, आणि ते बरंचसं खरंच होतं.

"मग ड ची पुडी द्यायची ना?" बायकोनं विचारलं. अन्नातून पुरेसं मिळत असेल तर अजिबात नाही. क जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. ड चरबीत विरघळतं आणि साठून राहतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. माणसाची आठवड्याची पुडी अंदाजानं कुत्र्याच्या भातात टाकणं म्हणजे टॉनिकच्या बाटलीतून विषप्रयोग. बायकोनं पुड्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. मोत्या तिथवर पोचत नाही. हल्ली तो सोफ्यावरही पोचत नाही.

तरी दुकानात जाऊन बघू म्हणून मी आणि भाचा गेलो. प्राण्यांच्या वस्तूंचं दुकान ही सोलापुरात अलीकडची गोष्ट. पूर्वी कुत्र्याची खरेदी म्हणजे साखळी, आणि ती हार्डवेअरवाल्याकडं, वजनावर. आता एक अख्खी भिंत डब्यांची. केसांसाठी, सांध्यांसाठी, पचनासाठी, मन शांत राहण्यासाठी. हाडाच्या आकाराच्या गोळ्या, चव भाजलेल्या कोंबडीची. एक बाटली होती, तिचे थेंब पिण्याच्या पाण्यात घालायचे, म्हणजे तोंडाचा वास जातो. "रोज ताज्या पाण्यात" असं वर लिहिलेलं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही बाटली कुणाच्या भरवशावर मागवली असेल, देव जाणे.

मी सांध्यांचा डबा हातात घेऊन चष्मा वर करून वाचला. मोठ्या अक्षरात "चपळ सांधे". त्याखाली मध्यम अक्षरात "सांध्यांच्या आरोग्यास साहाय्यक". त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, की हे औषध नव्हे, कुठल्याही आजाराचं निदान वा उपचार यासाठी नाही. अक्षर जितकं बारीक, तितकं खरं. डब्यावर फोटो एका लॅब्राडोरचा, हवेत उडी मारून चेंडू झेलतोय. वय फार तर दोन. त्या कुत्र्याला या डब्याची काहीही गरज नव्हती, हे फोटोवरूनच दिसत होतं.

दुकानदार सज्जन. त्यानं विचारलं, "पिल्लू आहे का मोठं?" मोठं म्हटल्यावर थोडा हिरमुसला, कारण पिल्लाबरोबर कॅल्शियमचं सिरप आपोआप खपतं. नवं पिल्लू घरी आणणाऱ्याला कॅल्शियम न देणं म्हणजे बाळंतिणीला डिंकाचे लाडू न करणं, अशी आपल्याकडची समजूत. आणि इथंच सगळ्यात मोठी गंमत, खरं तर गंमत नाहीच. लॅब्राडोर, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना पहिले काही महिने जादा कॅल्शियम आलं तर ते आतड्यातच अडवता येत नाही. येईल तेवढं शरीरात शिरतं. हाडं मजबूत व्हायच्या ऐवजी वाढीचा क्रम बिघडतो, पाय वाकडे होतात, सांधे बिनसतात. पिल्लांसाठी बनवलेल्या चांगल्या पाकिटात कॅल्शियम आणि फॉस्फरस मापात घातलेलं असतं. त्यावर आणखी सिरप ओतलं की माप गेलं. मग वाकडे पाय बघून माणूस म्हणतो, कॅल्शियम कमी पडलं, डोस वाढवा.

घरी आल्यावर अण्णांनी जुना दाखला काढलाच. "आमच्या गल्लीतला काळ्या बघा. त्याला कोण देतंय गोळी? अंगावर कातडं कसं चकाकतंय! आणि धनगरांची ती करवानी कुत्री? ताक-भाकरीवर सशामागं पळत्यात." मुद्दा वजनदार आहे. विजापूर रस्त्यानं सरळ खाली गेलं, विजापूर मागं टाकलं, की मुधोळ येतं. तिथल्या हाउंडची, म्हणजे याच करवानी कुत्र्याची, एक जोडी घोरपडे संस्थानिकांनी पंचम जॉर्जला भेट दिली होती. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं त्या कुत्र्याचं तिकीट काढलं. पुढं लष्करानंही ती कुत्री घेतली. त्यातल्या एकाच्याही पूर्वजानं सांध्यांच्या डब्यातलं ते ग्लुकोसामीन चाखलेलं नाही.

पण अण्णांच्या दाखल्यात एक भोक आहे, आणि ते मी त्यांना दाखवलं. काळ्या दिसतो, कारण काळ्या जगला. त्याच्या आईची बाकीची पिल्लं कुठं आहेत? जी टिकत नाहीत ती चकाकायला येत नाहीत. शिवाय करवानी कुत्रं दिवसभर माळरानावर मेंढरांमागं असतं. मोत्याचं माळरान म्हणजे हॉल ते स्वयंपाकघर, आणि तेही भांडं वाजलं तरच. अण्णा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "तरीपण बायोटिन द्या."

भाकरीची बाजू मात्र घ्यायलाच हवी, नाहीतर या जिल्ह्यात राहता येणार नाही. ज्वारीची कोठारं असलेलं मंगळवेढं आमचं, मोहोळला निवडलेली मालदांडी आमची. कुत्रा हा लांडग्याच्या वंशातला, त्याला धान्य पचतच नाही, असं हल्ली पुण्या-मुंबईची माणसं ठासून सांगतात आणि धान्य नसलेलं महाग पाकीट आणतात. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यात चारापासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशी हजारो वर्षं काढल्यावर कुत्र्यानं भाकरी पचवायची सोय आतूनच करून घेतली आहे. पाव्हणा एखाद्या घरी फार दिवस राहिला की त्याला तिथलं तिखट चालायला लागतं, तसंच.

पचते, म्हणजे पुरते असं मात्र नाही. नुसतं भाकरी-दूध खाणाऱ्या कुत्र्याला प्रथिनं, जस्त, काही चरबी आणि जीवनसत्त्वं खरोखरच कमी पडतात. वरून काही द्यायची गरज असलीच तर ती अशा कुत्र्याला, आणि तीही काय कमी आहे ते हिशेबानं काढून. आपल्याकडं सगळं उलट आहे. ज्या घरात भाकरीचे तुकडे मोडून घालतात, तिथं टॉनिक येत नाही. ज्या घरात सगळं मोजूनमापून घातलेलं पाकीट येतं, त्याच घरात भिंतभर डबे येतात.

आणि घरगुती उपाय? अण्णांनी गोचिडीवर लसूण सुचवला होता. आमच्याकडं लसूण म्हणजे शेंगाचटणीचा प्राण, पण कुत्र्याच्या तांबड्या पेशी कांद्या-लसणानं फुटतात. गोचीड जिवंत राहते, कुत्रं पांढरं पडतं. मरगळलेलं, केस गेलेलं, जेवण टाकलेलं कुत्रं दिसलं की लोक यकृताचं टॉनिक सुरू करतात. आमच्या हवेत पुष्कळदा ते गोचिडीतून आलेला ताप असतो आणि त्याला रक्ततपासणी लागते. मनुके-बेदाण्यांचं तर बोलायलाच नको. पंढरपूर भागातला पाहुणा आला की पिशवीत किलोभर बेदाणे असतातच, आणि "मुक्या जिवालाही द्या चार" म्हणणारं प्रेमळ माणूसही असतं. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात. कुणाची पाडतील ते आधी कळत नाही. मोत्याला आत्ताच डाळिंबाची साल वाळवून देऊ या, असंही एका नातेवाइकानं सुचवलं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्यामुळं त्यांना हा आपला हक्क वाटतो.

शेवटी मोत्याला गाडीत घातला. घातला म्हणजे तिघांनी उचलला. जनावरांचे डॉक्टर कमी बोलणारे होते. सोलापुरात हे दुर्मीळ. मी डबे, गोळ्या, अण्णांचं बायोटिन, सगळा इतिहास सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोत्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "मूठ वळा. उलट्या हाताच्या गाठी चाचपा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं वाळलंय. आता मूठ सोडा, हात पसरा, पंज्याच्या पाठीवरून बोट फिरवा. अशा लागल्या तर बरोबर. आता तळहात दाबा." मी दाबला. "आता ह्याच्या शोधा."

मी शोधल्या. भाच्यानं शोधल्या. बरगड्या असणार, हे आम्ही श्रद्धेनं मान्य केलं.

काट्यावर मोत्या एक्केचाळीस किलो भरला. डॉक्टरांनी कागद पुढं केला, "दिवसभरात काय काय खातो, लिहा. घरातल्या प्रत्येकाला विचारून."

ती यादी आमच्या घराण्याचा दस्तऐवज म्हणून जपून ठेवायला हरकत नाही. पाकिटातलं अन्न दोन वेळा, ते सगळ्यांना माहीत होतं. पहाटे दूध आणायला उठणारी आत्या ग्लुकोजची बिस्किटं देते, "उपाशीपोटी कशाला बघायचं माझ्याकडं?" नऊ वाजता तिची भाकरी होते, पहिली मोत्याची, वर तूप. भाचा अंड्यांचा फक्त पांढरा भाग खातो, कारण बलकानं चरबी वाढते; बलक रोज पाच-सहा, ते कुठं जायचे? मोत्यात. हे प्रोटीनवाल्यानं प्रोटीनची बैठक चालू असताना सांगितलं नव्हतं. अण्णा संध्याकाळी चहाबरोबर खारी खातात आणि कुंपणाला एक फट आहे. बायको रात्री उरलेला भात "टाकायचा कशाला" म्हणून देते. माझ्या नावापुढं काही नव्हतं, कारण यादी मी लिहीत होतो.

डॉक्टरांनी कागद वाचला. म्हणाले, "ह्याला काहीही कमी नाहीये."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला तेव्हापासून रोज आठवते. अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीनं अठ्ठेचाळीस लॅब्राडोर जोड्या लावून वाढवले. जोडीतल्या एकाला जेवढं अन्न, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. बाकी सगळं सारखं. चौदा वर्षं हे चाललं, २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. लॅब्राडोरचं एवढं आयुष्य वाढवल्याचा असा पुरावा त्या भिंतीवरच्या एकाही डब्याकडं नाही. आणि विचार करा, हा प्रयोग पशुखाद्य विकणाऱ्या कंपनीनं केला. दुकानदारानं गिऱ्हाइकाला "थोडं कमीच घ्या" म्हणावं, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

रक्त तपासलं, गोचीडताप नव्हता, थायरॉइड ठीक होता. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अभ्यासांतून फारसं हाती लागत नाही. आणलेल्या असतील तर अपाय नाही, आणू नका. सांधे धरलेल्या कुत्र्यांत जरा बरा पुरावा आहे तो माशाच्या तेलाचा. तेवढं वजनाच्या मापात लिहून दिलं. कॉडलिव्हर नको असं अधोरेखित केलं, कारण त्यात अ आणि ड असतं आणि ते साठतं. बाकी यादीवर एक आडवी रेघ.

घरी आल्यावर घरात फाळणी झाली. भाच्याचे बलक बंद, म्हणून तो आता अख्खी अंडी खातो आणि तोंड पाडून बसतो. अण्णांच्या फटीत बायकोनं वीट बसवली. अण्णांनी बाजूची दुसरी सैल केली. मोत्या तीन दिवस उपोषणाच्या थाटात ताटलीसमोर बसला, मग ताटली घेऊन अण्णांच्या दिशेनं निघाला. आत्यानं भाकरी थांबवली नाही, चतकोर केली, आणि तूप? तूप तिनं "भाकरीला लागलेलं" म्हणून मोजलं नाही.

पण खरी अडचण तेलाची. आत्या माळकरी. आषाढीला तिचे पाय दुखत असले तरी ते पंढरपूरच्या दिशेनं दुखत नाहीत. माशाच्या तेलाची बाटली या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तिनं जाहीर केलं. बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवली. सोलापूरच्या उन्हात डिकीत ठेवलेलं माशाचं तेल ही निराळीच गोष्ट. दोन गल्ल्यांतल्या मांजरांनी स्कूटरला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. मग आत्यानं तोडगा काढला, जवसाची चटणी. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की माशात जे असतं तेच जवसात असतं. ऐकलं ते अर्धं खरं आहे. जवसातलं जे असतं त्याचं माशातलं करून घ्यावं लागतं, आणि ते काम कुत्र्याच्या शरीराला फार थोडं जमतं. शिवाय आमच्या जवसाच्या चटणीत लसूण असतोच, तो नसला तर तिला चटणी कोण म्हणेल?

शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला आणि आत्याकडं दिला. तिनं पदर सावरून आधी त्यांचं गाव विचारलं, मग आडनाव, मग मुद्द्यावर आली. ते औषध आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि औषधाला दोष नाही असं ती स्वतःच म्हणाली. बाटली मागच्या पडवीत राहील, चमचा वेगळा, घासणार भाचा, देणार मी, आणि दिल्यावर मोत्यानं तासभर देवघराकडं फिरकायचं नाही, इतपत तहनामा झाला. मग तिनं विचारलं, एकादशीला नाही दिलं तर चालेल का? महिन्यातून दोनदाच तर येते. डॉक्टर म्हणाले, चालेल, एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही.

आत्यानं समाधानानं मान डोलावली, फोन माझ्याकडं द्यायला काढला, आणि परत कानाला लावला.

"आणि डॉक्टरसाहेब, चातुर्मासाचं काय करायचं?"